काजळीचा रंग

युद्धाचा खेळ खेळणे हे पाप आहे काय? दिवाळीच्या तोंडावर असला प्रश्न विचारला म्हणून वाचक मजवर रागावतील. मुलांच्या घरी या घटकेला अंगणात मातीचा किल्ला उभा असेल, त्यावर अळीव उगवले असतील, आणि बुरुजाबुरुजावर चिमुकले मावळे पहारा देत असतील. पण माझ्या मनात आहे तो खेळ निराळा आणि खेळणारी मुलेही निराळी, चांगली चाळिशी उलटलेली!

विलायतेत टेबलावर डोंगर, गावे मांडून, फासे टाकून लढाया खेळणारांचा मोठा संप्रदाय आहे. त्यांचा रणगाडा पुष्कळदा खऱ्याच्या छपन्नाव्या हिश्शाचा. शर्मन जातीचा असला तर जेमतेम दहा सेंटिमीटर लांब. तो रंगवायला ते एअरब्रश नावाचे लेखणीएवढे यंत्र वापरतात. कॉम्प्रेसरची हवा नळीतून येते. घोडा दाबला की हवा सुटते, मागे ओढला की सुई सरकते आणि दुधाइतका पातळ केलेला रंग धुक्यासारखा उडतो. आधी काळा हात, मग लष्करी हिरवा, मग पत्र्याच्या मध्यावर तोच हिरवा जरा उजळ, म्हणजे ऊन पडल्याचा भास होतो. एवढ्यावर थांबतील तर ते कारागीर कसले! नव्या कोऱ्या रणगाड्याची त्यांना लाज वाटते. स्पंजाने रंगाचे टवके उडवायचे, सांध्यांतून गंजाचे ओघळ सोडायचे, पट्ट्यांना भुकटीचा चिखल फासायचा. आणि जळालेला रणगाडा दाखवायचा असला, तर झडपेभोवती काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारायचा.

माझे मन अडते ते या काजळीपाशी. गंज पावसाचा, चिखल रस्त्याचा. ही काजळी मात्र आतून आलेली असते. शर्मनमध्ये पाच माणसे बसत.

या खेळाची बाजू एच. जी. वेल्सने १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मांडली. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळण्यांचे युद्ध पुष्कळ बरे, असे त्याचे म्हणणे. दुसऱ्याच वर्षी महायुद्ध पेटले. मौज अशी की, याच गृहस्थाने १९०३ च्या एका कथेत जमिनीवर चालणाऱ्या पोलादी युद्धनौका कल्पिल्या होत्या. १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणभूमीवर खरे रणगाडे प्रथम उतरले. खेळाने युद्ध टळले नाही हे खरे, पण त्याचा दोष मी खेळाला देणार नाही.

आपल्या नगरला लष्कराच्या चिलखती दलाच्या केंद्रात 'फामागुस्ता' नावाचा सेंच्युरियन रणगाडा जतन केलेला आहे. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत तो पेटला. बाहेर पडण्याचा हुकूम आला, तरी सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल लढत राहिले आणि तेथेच पडले. वय एकवीस, आमच्या शाळेतून मॅट्रिक होऊन गेलेली मुले पाचसहा वर्षांनी भेटायला येतात, तेवढे. हा रणगाडा कोणी बोटभर करून रंगवील, तर ती काजळी उमटवण्यासाठी त्याला संध्याकाळ खर्चावी लागेल. जयजयकार करायला अर्धे मिनिट पुरते. म्हणून त्या रंगाऱ्याला पापी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

फक्त एक गोष्ट खटकते. खेळण्याच्या पेटीत झडप पुष्कळदा सुटी येते. ती उघडी चिकटवली तर तीत कमरेपर्यंतचा एक माणूस बसवावा लागतो. मग त्याचा चेहरा आला, डोळे आले. आणि ते काम फवाऱ्याचे नव्हे, बारीक कुंचल्याचे. कित्येकजण झडप बंदच चिकटवतात.