अपयश कळवण्याची रीत : रिटर्न कोडपासून रिझल्टपर्यंत

प्रोग्राममधील एखादे फंक्शन आपले काम पुरे करू शकले नाही, तर ते त्याला बोलावणाऱ्या भागाला कसे कळवावे, या प्रश्नावर प्रोग्रामिंग भाषांच्या रचनाकारांनी गेली साठ वर्षे विचार केला आहे. 1970च्या दशकाच्या आरंभी बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेल्या सी भाषेत रिटर्न कोडची रीत रुळली. तीत अपयशी फंक्शन उणे एक किंवा नल पॉइंटर परत करते आणि अनेकदा कारणाचा क्रमांक ‘एररनो’ या वेगळ्या चलात ठेवते. ही रीत साधी आणि वेगवान होती. पण परत आलेले मूल्य तपासण्याची सक्ती नसल्यामुळे न उघडलेली फाइल उघडली आहे असे धरून प्रोग्राम पुढे जाई, आणि दोष त्याच्या उगमापासून फार दूर प्रकट होई.

याहून वेगळी रीत एक्सेप्शनची : तीत चूक घडताच नेहमीचा क्रम तिथेच थांबतो आणि चूक हाताळण्यासाठी लिहिलेल्या भागाकडे नियंत्रण थेट जाते. पीएल/वन भाषेत या कल्पनेचे पूर्वरूप होते, 1975मध्ये जॉन गुडइनफ यांनी तिची शास्त्रशुद्ध मांडणी केली, आणि बार्बरा लिस्कोव्ह यांच्या क्लू भाषेने फंक्शन कोणती एक्सेप्शन उठवू शकते हे त्याच्या शीर्षातच लिहिण्याचा नियम घातला. पुढे सी प्लस प्लसने एक्सेप्शन स्वीकारली, पण ही घोषणा सक्तीची केली नाही. त्यामुळे मुख्य तर्क सुटसुटीत झाला, तरी कोणत्या ओळीतून नियंत्रण निसटेल हे वाचणाऱ्याला दिसेनासे झाले. एक्सेप्शन उठली म्हणजे ती योग्य रीतीने हाताळली गेली असे होत नाही, हे 4 जून 1996 रोजी एरियान 5 या अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात दिसले : एडा भाषेतील संगणनात 64 बिटांची संख्या 16 बिटांत मावली नाही, उठलेली एक्सेप्शन हाताळणारा भाग तेथे नव्हता, दिशादर्शक संगणक बंद पडले आणि सुमारे 40 सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला.

जावाने मात्र बहुतेक अपेक्षित चुकांसाठी एक्सेप्शन पकडणे किंवा तिची घोषणा करणे सक्तीचे केले. तथापि कंपायलरचे समाधान व्हावे एवढ्यासाठीच पुष्कळांनी एक्सेप्शन पकडून काहीच न करणारे रिकामे भाग लिहिले, आणि सी शार्पने ती सक्ती टाळली. 2009मध्ये जाहीर झालेली गो भाषा चुकीला साधे मूल्य मानून रिटर्न कोडच्या वाटेवर परतली, तर 2015मध्ये स्थिर झालेल्या रस्टने एमएल भाषेच्या परंपरेतील प्रकारव्यवस्थेच्या आधारे ‘रिझल्ट’ हा प्रकार पुढे आणला. त्यात यश किंवा अपयश यांपैकी एकच मूल्य असते आणि दोन्ही शक्यतांचा विचार केल्याशिवाय आतील उत्तर हाती येत नाही.

या वाटचालीचा निष्कर्ष असा, की मूल्य परत करावे की प्रवाह तोडावा हा मुद्दा दुय्यम आहे. अपयशाची शक्यता फंक्शनच्या करारातच दिसावी आणि ती नकळत दुर्लक्षिता येऊ नये, या दोन कसोट्यांवरच प्रत्येक भाषेची रीत पारखली पाहिजे.