सूर्यापासूनचे अंतर आणि ग्रहांची चाल

सूर्याजवळचा ग्रह वेगाने फिरतो, दूरचा सावकाश. बुध सेकंदाला सरासरी ४७.४ किलोमीटर धावतो, पृथ्वी २९.८, मंगळ २४.१ आणि नेपच्यून जेमतेम ५.४. दूरच्या ग्रहाची फेरी मोठी, म्हणून त्याचे वर्ष लांब, एवढ्या स्पष्टीकरणावर बहुतेकांचे समाधान होते. पण ते अपुरे आहे. शनीची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या सुमारे साडेनऊ पट मोठी. शनी पृथ्वीच्याच वेगाने चालता, तर त्याची प्रदक्षिणा साडेनऊ वर्षांत आटोपली असती. प्रत्यक्षात तिला साडेएकोणतीस वर्षे लागतात. वाट तर लांब आहेच, शिवाय चालही पृथ्वीच्या एक तृतीयांश आहे. शनी एका राशीत अडीच वर्षे मुक्काम करतो आणि तीन राशींची मिळून साडेसाती होते, ती या मंद चालीमुळेच.

अंतर आणि चाल यांचे हे प्रमाण केप्लरने १६१९ मध्ये मांडले आणि त्याचे कारण न्यूटनने १६८७ मध्ये दिले. अंतर दुप्पट झाले की सूर्याची ओढ चौथाईवर येते. ग्रह सरळ निघून जाऊ पाहतो आणि ओढ त्याचा मार्ग वळवत राहते. ओढ क्षीण असेल तिथे तो वेगाने जाऊ लागला, तर मार्ग पुरेसा वळणार नाही. म्हणून वर्तुळाकार कक्षेतला वेग अंतराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात ठरतो: चौपट अंतरावर निम्मा वेग. ग्रहाच्या वस्तुमानाला या हिशेबात जागा नाही. वेग ठरतो तो ठिकाणाने. तिथे गुरूसारखा महाकाय ग्रह असो की धोंडा.

एकाच ग्रहाचे अंतरही वर्षभर सारखे नसते. जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून १४.७१ कोटी किलोमीटरवर असते आणि सेकंदाला ३०.३ किलोमीटर जाते. जुलैच्या आरंभी १५.२१ कोटींवर, आणि वेग २९.३. हा फरक दिनदर्शिकेत उतरलेला आहे. १९५७ पासून लागू असलेल्या भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे महिने ३१ दिवसांचे आणि अश्विन ते फाल्गुन ३० दिवसांचे आहेत, कारण जुलैच्या आसपास पृथ्वी मंद असल्याने सूर्य एकेक रास ओलांडायला अधिक दिवस घेतो. पंचांगातला दुर्मीळ क्षयमास हिवाळ्याच्याच सुमारास येतो, तोही यामुळेच: तेव्हा सूर्याची भासमान गती इतकी वाढलेली असते की एकाच चांद्रमासात दोन संक्रांती बसू शकतात.

आज हा नियम रोजच्या कामात वापरणाऱ्या जागांपैकी एक बंगळूरमध्ये आहे. पीण्या इथल्या इस्ट्रॅक केंद्रातून इस्रोच्या यानांचे नियंत्रण होते आणि शहराबाहेर ब्याललू इथली ३२ मीटर व्यासाची अँटेना दूरच्या यानांशी संपर्क ठेवते. मंगळयान १ डिसेंबर २०१३ रोजी पृथ्वीजवळून निघाले, तेव्हा सूर्याभोवतीचा त्याचा वेग पृथ्वीहून जास्त, सेकंदाला सुमारे ३३ किलोमीटर होता. बाहेरच्या कक्षेकडे जायचे म्हणून वेग वाढवावा लागला. पण सूर्याच्या ओढीविरुद्ध चढताना तो सतत घटत गेला आणि सुमारे दहा महिन्यांनी मंगळाच्या कक्षेशी पोहोचेपर्यंत खुद्द मंगळापेक्षाही कमी झाला. म्हणजे मंगळच मागून येऊन यानाला गाठत होता. २४ सप्टेंबर २०१४ रोजी सुमारे २४ मिनिटे इंजिन चालवून यान मंगळाभोवती स्थिरावले. मंगळाच्या संदर्भात हे वेग कमी करणे होते. सूर्याच्या संदर्भात मात्र यान अखेर मंगळाच्या वरचढ वेगात सामील झाले. वेग वाढवून निघावे आणि मंद होऊन पोहोचावे, ही गोष्ट प्रथम पटत नाही, पण ती समजली की कक्षांचे सारे शास्त्र खुले होते. मंगळाची वाट दर २६ महिन्यांनीच का उघडते, तेही याच वेगांतून निघते: मंद मंगळाला पृथ्वी साधारण तेवढ्या काळाने पुन्हा गाठते.

आदित्य एल-१ मात्र या नियमाला अपवाद वाटतो. २ सप्टेंबर २०२३ ला सुटलेले हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला आहे. तिथले सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या तुलनेत एक टक्क्याने कमी. एकट्या सूर्याची ओढ असती तर तिथली वस्तू पृथ्वीच्या सुमारे साडेपाच दिवस आधी प्रदक्षिणा पुरी करून पुढे निघून गेली असती. आदित्य तसे जात नाही, कारण मागून पृथ्वीही त्याला ओढते. सूर्याच्या ओढीतून तेवढा भाग वजा होतो, उरलेल्या ओढीला पुरेसा वेग कमी ठरतो, आणि यान पृथ्वीच्या बरोबरीने वर्षाला एकच फेरी घालते. हा समतोल नाजूक असतो. एल-१ या समतोल बिंदूभोवतीच्या कक्षेतून यान हळूहळू घसरू लागते, म्हणून अधूनमधून इंजिने थोडी चालवून त्याला पुन्हा जागेवर आणावे लागते.