मदत की देणं

मोटारीनं माणूस उडवला तर दवाखान्याचं बिल कुणी भरायचं? ज्याची मोटार त्यानं. शेंबडं पोरसुद्धा हेच सांगेल. पण बिल भरलं म्हणजे सगळं फिटलं का, इथं माझं घोडं अडतं.

आमच्याकडं कारखाना सुरू झाला की रस्त्यावर माणसं आणि वाहनं एकच होतात. दोन हंगामांमागं बीडकडची एक टोळी पहाटेच्या अंधारात फडाकडं निघाली होती. बैलगाडीला मागं दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही. मागून मोटार आली आणि कडेनं चालणाऱ्या बाईला धडकली. मांडीचं हाड मोडलं. मोटारवाला पळाला नाही, हे आधी सांगतो, कारण पळणारे मी लई बघितलेत. त्यानंच तिला तालुक्याला नेलं, आत रॉड बसवला, नव्वद हजार भरले. मग मुकादम मध्ये पडला. ‘तक्रार नाही’ म्हणून स्टॅम्पपेपरवर लिहून झालं, नवऱ्यानं अंगठा उठवला आणि हात जोडून म्हणाला, “सायबांचे लई उपकार झाले.”

उपकार! हा शब्द मला अजून टोचतो.

नवराबायकोच्या जोडीला आमच्याकडं एक कोयता म्हणतात. उचल दोघांच्या नावावर घेतलेली. बाई खाटेवर पडली की कोयता मोडला, उचल मात्र शाबूत. ती फेडायला त्या गड्यानं सातवीतली पोरगी शाळेतून काढून फडावर आणली, मोळ्या बांधायला. दवाखान्याच्या बिलात औषधं असतात, खाटेचं भाडं असतं. पोरीची सातवी कुठल्या रकान्यात लिहायची?

मोटारवाल्याचं म्हणणं मी ऐकलंय. गाडीला दिवा नव्हता, माझी चूक नाही, तरी माणुसकी म्हणून भरलं. त्याचं सगळंच खोटं नाही. पण चूक कुणाची, हा एक हिशोब आणि भार कुणी सोसायचा, हा दुसरा. हजार-दीड हजार किलोचं लोखंड घेऊन जो रस्त्यावर येतो, त्याच्यावर भार जास्त, असं मला वाटतं. कायदाही तसाच बोलतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यानं दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा केलाय. 2019 च्या दुरुस्तीनं तर गंभीर दुखापतीला चूक शाबीत न करताही अडीच लाखांची तरतूद झाली. दावा बीडच्या माणसाला बीडलाही लावता येतो. 2025 पासून अपघातानंतर पहिले सात दिवस दीड लाखापर्यंत बिनपैशाचे उपचारही आहेत.

पण त्यासाठी अपघात पोलिसांत नोंदवावा लागतो, आणि आपण तर तो मिटवलेला. विम्याचा हप्ता मोटारवाल्यानं भरलेलाच होता. म्हणजे त्याच्या खिशाला फारसं न लागता बाईला जास्त मिळालं असतं. हे मी त्या बैठकीत बोललो. मुकादम म्हणाला, “तात्या, कोर्टाच्या तारखा करायला ह्यो बीडवरनं येणार का? याला आज पैसं पायजेत.”

त्याचंही खरं होतं. गरिबाला आज लागतं, कायदा उद्याचं बोलतो, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत स्टॅम्पपेपर विकला जातो. मोटारवाला आता भेटला की रामराम करतो. माणूस वाईट नाही. “त्या बाईला मदत केली होती,” असं चारचौघांत सांगतो. मी दर वेळी म्हणतो, “मदत नव्हं बाबा, देणं होतं. अन् ते अजून निम्मंच फिटलंय.” तो हसतो. त्याला वाटतं, म्हातारा चेष्टा करतोय.