चिठ्ठीविना मुंबई

अमरावतीहून संध्याकाळी सुटणारी मुंबई एक्स्प्रेस बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, शेगाव असे वऱ्हाड गोळा करत जाते आणि सकाळी सीएसएमटीच्या फलाटावर रिकामी होते. उतरणाऱ्यांच्या हातांकडे पाहिले की कोण कशासाठी आले ते कळते. एक्स-रेचे मोठे पाकीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेले जोडपे टाटा रुग्णालयाकडे निघालेले असते. नाडीने बांधलेली फाइल काखेत मारलेला माणूस मंत्रालयाकडे. कुणी मुलाखतीला आलेला, कुणी भावाच्या खोलीवर काम शोधायला. नुसती मुंबई पाहायला एकटा आलेला माणूस या गर्दीत क्वचित सापडतो.

खरे तर गाडीच्या वेळा त्याच्यासाठीच आखल्यासारख्या आहेत. शुक्रवारी संध्याकाळी निघावे, शनिवार-रविवार हिंडावे, रविवारी रात्रीच्या गाडीत बसावे, सोमवारी सकाळी घरी. पण असे जातो म्हटले की घरचे विचारतात, ‘मुंबईले काहून? काय काम हाय?’ काम नाही, पाहायचे आहे, हे उत्तर आपल्याकडे कुणाला पुरत नाही. आपण प्रवास करतो तो गोतावळ्याने: लग्नाला, पंढरपूरला, शेगावला. त्यात आनंद आहेच. पण दहा जणांबरोबर गेलेला माणूस त्या दहा जणांनाच पाहून येतो. एकट्याला रस्ता विचारावा लागतो, अनोळखी माणसाशी बोलावे लागते, कुठे थांबायचे आणि कुठून पुढे जायचे हे स्वतः ठरवावे लागते. विशीतल्या मुलामुलींना या ठरवण्याची सवय लागणे मला फार महत्त्वाचे वाटते.

पैशाचे म्हणाल तर दिवसभराची मुंबई अजून गरिबाच्या आवाक्यात आहे. सीएसएमटीतून बाहेर पडून दादाभाई नौरोजी रस्त्याने चालत निघावे. वाटेत सिद्धार्थ महाविद्यालय लागते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९४६ साली सुरू केले. तिथून हॉर्निमन सर्कलची बाग जवळच, आणि समोर १८३३ साली पुरा झालेला टाऊन हॉल, म्हणजे एशियाटिक ग्रंथालयाची इमारत. वऱ्हाडी माणसाने या बागेत जरा वेळ बसावे. एकेकाळी इथल्या मोकळ्या मैदानात कापसाच्या गाठी रचलेल्या असत. पुढे हा बाजार कुलाब्याला गेला, मग शिवडीच्या बाजूला, जिथल्या लोकल स्थानकाचे नावच कॉटन ग्रीन आहे. १८६०च्या दशकात आपल्याकडे रेल्वे आली ती मुख्यतः कापूस बंदरावर नेण्यासाठी. सीएसएमटीहून हार्बर मार्गाने पाच-दहा रुपयांत कॉटन ग्रीनला उतरता येते. गोदामांच्या त्या लांबच लांब रांगांसमोर उभे राहिले की अकोल्याच्या जिनिंगमधून निघालेली गाठ कुठे जात होती, तिच्यावर हे शहर कसे उभे राहिले, हे कळते. पाठ्यपुस्तकातल्या एका ओळीने ते कळत नाही. मुंबईच्या श्रीमंतीत आपल्या आज्या-पणज्यांनी वेचलेला कापूस आहे, म्हणून या शहरात आपण उपरे नाही.

ही स्वस्ताई मात्र आपोआप टिकत नाही. मे २०२५मध्ये बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाचवरून दहा रुपये झाले. पगारदाराला तो फरक जाणवणार नाही, पण मोजके पैसे घेऊन आलेल्याला दिवसाकाठी दोन-तीन ठिकाणे गाळावी लागतात.

खरी अडचण रात्रीची आहे. अनोळखी, कामाशिवाय आलेल्या, खिसा हलका असलेल्या माणसाने टेकायचे कुठे? हा विचार आपल्याच मातीतल्या माणसाने सर्वांत खोलवर केला. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबई इथे धर्मशाळा बांधवल्या. स्वतःसाठी मात्र झोपडीही बांधली नाही. त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आज कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. तिथली खाट रुग्णाचीच आहे. फिरायला आलेल्याने ती अडवू नये. दुसरी वाट आमदार निवासाची. आमच्या भागातले कितीतरी लोक आमदारांची चिठ्ठी घेऊन आकाशवाणीजवळच्या त्या खोल्यांत सतरंजीवर झोपून आले आहेत. सोय होते हे खरे, पण ती कार्यकर्त्याला किंवा ओळखीच्याला मिळते, आणि पुढे तिची आठवण ठेवावी लागते. म्हणजे मुंबईत स्वस्तात पाठ टेकायची तर आधी आजारी पडा, नाहीतर कुणाचे तरी व्हा. साध्या नागरिकाला जागा नाही. मुंबई सेंट्रलला २०२१मध्ये पॉड हॉटेल सुरू झाले तेव्हा बारा तासांचे ९९९ रुपये होते. मजुराच्या घरातल्या मुलाला ते परवडणारे नाही.

मुलींचे तर विचारूच नका. एकट्या मुलीला खोली देताना ‘सोबत कोण आहे?’ ही चौकशी आधी होते, ओळखपत्र नंतर पाहतात. काही काम नसताना स्त्रीने शहरात नुसते रेंगाळावे, हा तिचा हक्कच आहे, असे २०११ साली आलेल्या ‘व्हाय लॉयटर?’ या मुंबईवरच्या पुस्तकाने ठामपणे मांडले. त्याच सुमारास स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्या मागणारी ‘राइट टू पी’ चळवळही मुंबईत उभी राहिली. दिवसभर पाणी न पिता हिंडणाऱ्या मुलीला शहर पाहण्याचा हक्क मिळाला, असे मी मानणार नाही.

चिठ्ठीशिवाय आलेल्यांची सोय करणे जमणारे नाही, असे कुणी म्हणू नये. दरवर्षी ६ डिसेंबरला आपल्या वऱ्हाडातून, सगळ्या महाराष्ट्रातून लाखो माणसे चैत्यभूमीवर येतात. भाकरीचे गाठोडे घेऊन येतात, पुस्तके विकत घेऊन परततात. त्यांच्यासाठी महापालिका शिवाजी पार्कवर मांडव घालते, पाणी, शौचालये, दवाखाना उभा करते आणि रेल्वे जादा गाड्या सोडते. ती माणसे कुणाची चिठ्ठी आणत नाहीत. लाखोंची सोय दोन-तीन दिवस करू शकणारे शहर रोज काही शे माणसांना स्वच्छ खाट नक्कीच देऊ शकते.

मुंबई ही आपली राजधानी आहे. जो माणूस तिथे फक्त अर्ज घेऊन जातो, त्याला ती कायम कचेरीच वाटणार. तेव्हा पुढच्या वेळी आमदार गावात आले की त्यांच्याकडे खोलीची चिठ्ठी मागू नका. सीएसएमटी किंवा दादरजवळ, जिल्ह्यातून आलेल्या कुणालाही ओळखपत्रावर, माफक दरात दोन रात्री राहता येईल असे सरकारी वसतिगृह मागा, मुलींसाठी वेगळ्या मजल्यासह. आणि ते होईपर्यंत घरातली मुलगी शनिवार-रविवार मुंबई पाहून येते म्हणाली, तर काहून म्हणून विचारू नका. तिला स्टेशनवर सोडायला जा.