नदीची किंमत आणि नदीचं ऋण

रिकार्टनमधल्या आमच्या घरी मध्यंतरी एक प्रश्नावली आली. वर्षातून किती वेळा नदीवर जाता? पोहायला, मासे पकडायला की नुसतं फिरायला? एका फेरीला खर्च किती? वाईहून आलेले आप्पा शेजारीच बसले होते. मी अर्थ सांगितला तशी म्हणाले, “आईकडे किती वेळा गेलास, त्याचं कुणी बिल मागतं का गं?”

मी हसले, पण त्या प्रश्नाला साफ उडवून लावणं मला जमलं नाही. इथे नदीचं करमणुकीचं मूल्य ही कायद्यात वजन असलेली गोष्ट आहे. १९८८ साली राकाया नदीला संरक्षणाचा राष्ट्रीय आदेश मिळाला. त्यात तिचं अनेक प्रवाहांत विणलेलं पात्र आणि पक्षी यांच्याबरोबर मासेमारी आणि जेटबोटिंगही नोंदलेलं आहे. पाण्यावर शेतीचा आणि विजेचा दावा असतो, तिथे खेळणाऱ्यांचाही दावा उभा राहिला, हे काही थोडं नाही.

अडचण पुढे आहे. ख्राइस्टचर्चच्या दक्षिणेला सेल्विन नदीवर कोज फोर्ड नावाची जागा आहे. कँटरबरीतल्या पिढ्यान्‌पिढ्या तिथे डुंबल्या. मग पाणी आटत गेलं, जंतू आणि विषारी शेवाळ वाढलं, पोहू नका अशा पाट्या लागल्या आणि माणसं यायची थांबली. आता प्रश्नावलीच्या हिशेबाने या नदीची किंमत काय? फेऱ्या कमी, म्हणजे मूल्य कमी. आपणच नासवलेली नदी आपल्याच वहीत स्वस्त ठरते. हा हिशेब न्यायाचा नाही.

मग आप्पांचं ‘आई’ बरोबर का? आप्पा पाठीला सुका भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकले. आपण नदीला आई म्हणतो, ओटी भरतो आणि त्याच पाण्यात निर्माल्य, सांडपाणी सोडतो. काठावरून हात जोडणाऱ्याला पाण्याची चव कळत नाही. पोहणाऱ्याच्या नाकातोंडात ते जातं.

मार्च २०१७ मध्ये न्यूझीलंडने कायदा करून व्हांगानुई नदीला व्यक्तीचा दर्जा दिला. त्याच महिन्यात उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेलाही दिला. काही महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. व्हांगानुईच्या वतीने बोलायला सरकार आणि तिथल्या माओरी जमाती यांच्याकडून नेमलेल्या दोन व्यक्ती आहेत. गंगेची जबाबदारी निकालाने अधिकाऱ्यांवर टाकली, तेव्हा ती नेमकी कुठवर, हा प्रश्न राज्य सरकारच वरच्या कोर्टात घेऊन गेलं. आई म्हणणं सोपं आहे; तिच्यासाठी उत्तरदायी कोण, हे ठरवणं अवघड.

म्हणून मला वाटतं, करमणूक ही नदीची किंमत नव्हे, साक्ष आहे. मूल बिनधास्त पाण्यात उतरू शकतं का, एवढ्या एका प्रश्नात वरच्या अंगाच्या शेतांचा, गोठ्यांचा, गटारांचा जबाब येतो. आणि जिथे कुणीच जात नाही, त्या नदीचंही आपण देणं लागतो.

आमचा मुलगा पोहायला शिकला तो तरणतलावात. प्रश्नावलीत ‘पोहण्यासाठी फेऱ्या’ या रकान्यात मी शून्य लिहिलं आणि खाली शेऱ्यात लिहिलं: हे शून्य नदीचं मूल्य समजू नये, आमची थकबाकी समजावी.

आप्पांनी ते मराठीत वाचून दाखवायला सांगितलं. मग म्हणाले, “वाईतही असा कागद यायला हवा.”