नेम कोणाचा, सक्ती कोणावर?

लग्नाच्या निमंत्रणात काय लिहावे, हा हरिभक्तीच्या मासिकात चर्चा करण्याचा विषय नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु गेल्या चैत्रात एका माळकरी घराण्यात अशा एका ओळीवरून मामा-भाचीचे बोलणे बंद झाले. दोन्हीकडची मंडळी मजकडे येऊन, 'महाराज, तुम्हीच काय ते सांगा,' असे म्हणू लागली, तेव्हा या गोष्टीचा विचार करणे भाग पडले.

ती ओळ अशी होती: 'कार्यालयात लहान मुलांच्या हाती मोबाईल देऊ नये, ही नम्र विनंती.' वधूपिता म्हणजे हे मामा. त्यांची पंढरीची वारी आजवर चुकलेली नाही. त्यांनी हे कोणाला टोचावे म्हणून लिहिले नव्हते. मागील साली एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी पाहिले ते असे: समोर ताट, ताटापुढे पाण्याचा तांब्या, तांब्याला टेकवलेला मोबाईल, आणि त्यातील चित्रांकडे टक लावून बसलेले चार वर्षांचे पोर. आई घास भरवीत होती, पोर गिळत होते. पुरी खाल्ली की भात खाल्ला, हे त्यास ठाऊक नव्हते. 'पुंडलिक वरदे' असा गजर झाला तरी त्याने मान वर केली नाही. मामांना तेवढे फार लागले. "लग्नाला आणलेलं पोर लग्नात नव्हतंच, महाराज," असे ते मला म्हणाले.

हे म्हणणे खोटे नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली सांगितलेले आहे की, दोन वर्षांच्या आतील मुलास पडद्यापुढे बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसातून एका तासाहून अधिक बसवू नये. त्याहून कमी असेल तर बरेच. मामा हे पाठ म्हणून दाखवीत. मात्र त्याच ठिकाणी पुढे असेही आहे की, मूल बसलेले असेल तेव्हा सांभाळणाऱ्या माणसाने त्याला वाचून दाखवावे, गोष्ट सांगावी. हे पुढचे वाक्य मामांच्या पाठात नव्हते. अन् माझ्या मते सगळे भांडण त्या गाळलेल्या वाक्यात आहे.

आता भाचीचे ऐका. ती पुण्यात नोकरी करते. नवरा परगावी कामाला. मुलगा चार वर्षांचा. ती म्हणाली, "मामा, लग्नात बाईला हात दोनच असतात. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात ओटीचं सामान. पोर कुठल्या हाताने धरू? मोबाईल नको म्हणता, मग त्याला घेणारं माणूस दाखवा. नाहीतर आम्ही येत नाही." मामी यावर बोलल्या, "आमची पोरं वाढली नाहीत का?" आणि इथे तोंड फिरले ते फिरलेच.

मामींची पोरे वाढली हे खरे. पण ती कशी वाढली? तेव्हा लग्न दारात होई. मांडवात चार दिवस आधीपासून माणसे असत. पोर रडले तर ते कोणाचे आहे, हे न पाहता जी बाई मोकळी असेल ती त्यास काखेला मारी. पोरांना कामेही असत: विडे मोडू नयेत म्हणून पानांची टोपली धरून बसायचे, अक्षता वाटायच्या, पंगतीत मिठाची चिमूट वाढीत जायचे. आज कार्यालय घड्याळावर घेतलेले असते. बाहेर हमरस्ता, आत कर्ण्याचा कल्लोळ. अक्षता वाटायलाही पगारी माणूस. त्या पोराला एक खुर्ची दिली जाते आणि 'गप बस' म्हणून सांगितले जाते. ती आई मोबाईल देते तो हौसेने देत नाही. तेव्हा मोबाईल काढून घेणे हा अर्धाच नेम झाला. मांडी मोकळी करून देणे हा त्याचा उरलेला अर्धा भाग आहे, आणि तो मोठ्यांनी पाळायचा आहे.

कोणी विचारील, मग काय वडीलधाऱ्यांनी काहीच सांगू नये? सांगावे. पण आपल्या संप्रदायात नेम कसे चालतात ते पाहावे. माळ कोणी कोणाच्या गळ्यात बळे घालीत नाही. ती मागून घ्यावी लागते. एकादशी घरातील मोठी माणसे धरतात. लहान मूल, आजारी, बाळंतीण यांना त्या दिवशी वेगळे शिजवून घालतात आणि त्यात कोणाला उणेपणा वाटत नाही. मोठ्यांचा उपास पाहून एखादे दिवशी पोरच म्हणते, मलाही धरायचा. ते संध्याकाळी भाकरी मागते ते निराळे! लग्नातला हा नेम नेमका उलटा होता. अंतरपाट धरला की मोठ्यांचेच मोबाईल वर होतात. भटजी दिसत नाहीत, नवरानवरी दिसत नाहीत, हातच हात दिसतात. छायाचित्रासाठी हार पुन्हा घालायला लावल्याचेही मी पाहिले आहे. आणि विनंती कोणाला, तर चार वर्षांच्या पोराला. ही मूळ विनंतीही मोबाईलवरूनच धाडली होती, हे असो.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या ऑगस्टात ठराव केला. संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजायचा आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायचे. पोरांनी अभ्यास करावा, माणसांनी एकमेकांशी बोलावे. भोंगा पोरांपुरता नव्हता, घरातल्या सर्वांसाठी होता. शिवाय बंदी दीड तासाची, दिवसभराची नव्हे. 

मला मात्र या प्रकरणी आठवली ती माउलींच्या पालखीतील समाजआरती. ज्यांनी वारी केली त्यांना सांगायला नको. मुक्कामावर पालखी येते, सभोवती दिंड्या टाळमृदंगाचा गजर करीत उभ्या राहतात. चोपदार दंड उंच करून 'होऽऽ' म्हणतात आणि एवढा अफाट समाज क्षणात शांत होतो. परंतु एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर तिचे टाळ वाजतच राहतात. तेव्हा चोपदार दटावीत नाहीत. ते त्या दिंडीपाशी जातात, गाऱ्हाणे काय ते विचारतात, त्याचा निवाडा होतो, मग टाळ थांबतात. हरवले-सापडलेले सांगितले जाते, उद्याची वेळ सांगितली जाते, आणि आरती होते. गाऱ्हाणे ऐकल्यावाचून शांतता मागायची नाही, अशी ही रीत आहे. मी मामांना म्हटले, "भाचीचे टाळ वाजताहेत. तुम्ही दंड उगारून लांबच उभे आहात." मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "महाराज, पण पोराचं नुकसान होतं ते होतंच ना?" होते. ते मी नाकारीत नाही.

शेवटी ठरले ते असे. मंगलाष्टकांपासून पहिली पंगत उठेपर्यंत कोणीच मोबाईल हाती घ्यायचा नाही. दारात टोपली ठेवायची, तीत पहिला मोबाईल मामांचा. छायाचित्रे काढणाऱ्यास मोकळीक. एका नातेवाइकाच्या मुलाला कर्ण्याचा आवाज सोसत नाही, त्याला कानांवर लावायचे यंत्र आणि मोबाईल दोन्ही चालतील, आणि कोणी चौकशी करायची नाही. कोपऱ्यात जाजम घालून दोन आज्या आणि एक पेन्शनर मास्तर बसतील. पोरे त्यांच्या हवाली.

वैशाखात लग्न झाले. भाची आली. तिच्या मुलाने पहिल्याच 'सावधान'ला सगळ्या अक्षता उधळून टाकल्या आणि पुन्हा मागितल्या. मास्तरांनी आपल्या वाट्याच्या दिल्या. अंतरपाट का धरतात, असे त्याने विचारले, त्यावर दोन आज्यांत मतभेद झाला. टोपलीत मोबाईल निम्म्याहून अधिक आले, सगळे आले नाहीत. दुपारी ते पोर झोपेने चिरचिरले, तेव्हा आईने त्यास गाडीत नेऊन मोबाईल दिला. मामांनी खिडकीतून ते पाहिले आणि ते वाढप्याला ताक आणायला सांगण्यास आत गेले. मामींनी मात्र चारचौघींत बोलून दाखवले. निघताना भाचीने ओटी घेतली ती आजीच्या हातून.

कार्तिकीनंतर त्याच घरात धाकट्याचे लग्न आहे. निमंत्रणाचा मजकूर लिहिण्याआधी मामा भाचीकडे पुण्याला जाऊन येणार आहेत. मामी जाणार की नाही, ते अजून ठरलेले नाही.