गोंदलेलें नांव

गोंदण हा विषय निबंधाच्या पंक्तीस बसविण्याजोगा आहे काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. बायकांची हौस, जत्रेंतला प्रकार, फार तर लोकाचाराच्या अभ्यासकांचें खाद्य, इतकीच त्याची किंमत आपण सुशिक्षितांनीं ठरवून ठेविली आहे. अलीकडे शहरांतील तरुण मंडळी पदरचे हजारों रुपये खर्चून दंडावर व मानेवर नांवें, तारखा आणि चित्रें उमटवून घेऊं लागली, तेव्हां त्याच वस्तूला 'टॅटू' असें नवें नांव व नवी प्रतिष्ठा मिळाली. पण तिच्याविषयीं विचार करण्याची गरज मात्र कोणास फारशी भासली नाहीं. मलाहि ती भासली नसती. गेल्या वर्षीं आमच्या आत्याच्या नातवानें मला एक प्रश्न विचारला आणि त्याचें उत्तर मला अद्याप देतां आलेलें नाहीं, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न सांगण्यापूर्वीं आत्याविषयीं सांगितलें पाहिजे. तिचें सासर परभणी जिल्ह्यांत, जिंतूर तालुक्यांत, पूर्णेच्या कांठीं होतें. 'होतें' म्हणावयाचें कारण असें कीं, येलदरीचें धरण 1968 सालीं पुरें झालें, आणि नदीकांठच्या ज्या गांवांवर त्याचें पाणी पसरलें त्यांत तें गांवहि गेलें. आत्याचें लग्न निजामी अमदानीच्या अखेरच्या वर्षांत झालें. तेव्हां ती बारा वर्षांची असावी. माहेरीं असतांनाच तिच्या कपाळावर व हनुवटीवर ठिपके आणि डाव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलें होतें. न गोंदलेल्या मुलीच्या हातचें पाणी सासरीं कोण पिणार, असा त्या काळच्या बायकांचा सरळ हिशेब. लग्नानंतर पहिल्याच वर्षीं गांवांत गोंदणारीण आली, आणि सासूनें सुनेच्या उजव्या मनगटाच्या आंतल्या बाजूस नवऱ्याचें नांव घालून घेतलें. घरांतल्या कोणीं तरी कोळशानें जमिनीवर तीं अक्षरें काढून दाखविलीं. तीं पाहून गोंदणारणीनें काजळ व दूध एकत्र खलून, दोऱ्यानें बांधलेल्या सुयांनीं तीं हातावर उतरविलीं. आत्या रडत होती, म्हणून दोघी जणींनीं तिचा हात दाबून धरिला होता. वरून हळद लावली. गोंदणारणीला पायलीभर जोंधळे आणि एक जुनें लुगडें मिळालें. हें सारें आत्या पुढें हंसत सांगे. परंतु त्या दोघींपैकीं जिनें मनगट धरिलें होतें तिचें नांव ती कधीं विसरली नाहीं.

या हकीकतींत एक विलक्षण गोष्ट आहे, ती सहज ध्यानांत येत नाहीं. नवऱ्याचें नांव बायकोनें घ्यावयाचें नाहीं, अशी आपल्याकडे चाल होती; घ्यावयाचेंच झालें तर उखाण्याच्या आडोशानें. आत्यास अक्षरओळखहि नव्हती. म्हणजे जें नांव तोंडानें उच्चारावयाचें नाहीं आणि डोळ्यांनीं वाचतां येत नाहीं, तें तिच्या अंगावर जन्मभरासाठीं लिहिलें गेलें. तें निवडलें दुसऱ्यांनीं, लिहिलें तिसरीनें, आणि बाळगावयाचें मात्र तिनें.

आजच्या तरुणास हें सांगितलें तर तो म्हणेल, हा निव्वळ जुलूम आहे. माझें गोंदण मीं निवडलें, त्याचा अर्थ मला ठाऊक आहे, म्हणून तें माझें. तिचें गोंदण तिचें नव्हे, तें मालकीचा शिक्का होय. या म्हणण्यांतील अर्धा भाग नाकारणें कोणालाहि शक्य नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यांत बंगाल प्रांतीं जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदण्याची शिक्षा होती, ती 1849 सालीं बंद झाली. आणि आउश्वित्झच्या छावणींत माणसांच्या हातावर आंकडे गोंदून त्यांचीं नांवें पुसून टाकण्यांत आलीं, ही गोष्ट तर दुसऱ्या महायुद्धांतली. अंगावरील खूण दुसऱ्यानें घातली कीं ती किती अमानुष होऊं शकते, याला आणखी पुरावा नको. उलट छत्तीसगडांतील रामनामी लोकांकडे पाहावें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अस्पृश्य म्हणून ज्यांना देवळांत पाऊल टाकूं दिलें जात नव्हतें, त्यांनीं रामाचें नांव आपल्या अंगावर, कित्येकांनीं तर मस्तकापासून पावलांपर्यंत, गोंदून घेतलें. ज्या देवाच्या दारांत उभें राहण्याची मनाई, त्याचें नांव कातड्यावर असल्यावर आतां तें कोण हिरावून घेणार? स्वतः निवडलेल्या खुणेचें याहून मोठें उदाहरण मला माहीत नाहीं.

तरीहि निवड आणि अर्थ या दोन गोष्टी एकच आहेत, हें मला पटत नाहीं. खूण लादली गेली कीं नाहीं, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि त्याचें उत्तर निवडीवरून ठरतें. त्या खुणेला अर्थ आहे कीं नाहीं, याचें उत्तर मात्र ती घालण्याच्या दिवशीं मिळतच नाहीं. वीस वर्षांचा मुलगा प्रेयसीचें नांव छातीवर घालून घेतो, तेव्हां त्याला आपल्या मनाची खात्री असते. पण ती त्या दिवसाच्या मनाची खात्री असते. आपलीं स्वतःचीं नांवेंहि आपण निवडलेलीं नाहींत. मातृभाषा निवडलेली नाहीं. म्हणून तीं परकीं आहेत काय?

आत्याचा नवरा धरणाचें काम चालू असतांनाच वारला. त्या वेळीं मी लहान होतों. तरी तो दिवस मला आठवतो. बायकांनीं तिच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलें, गळ्यांतली पोत काढून घेतली. सौभाग्याचीं म्हणून जीं जीं चिन्हें, तीं तीं अर्ध्या घटकेंत उतरविलीं गेलीं. (या चालीविरुद्ध ठराव करावयास कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाडच्या ग्रामसभेस 2022 साल उजाडावें लागलें, हें येथें नमूद करून ठेवितों.) इतकें झाल्यावर एका म्हातारीचें लक्ष आत्याच्या मनगटाकडे गेलें. ती क्षणभर थबकली, आणि तिनें त्यावर नुसता पदर ओढला. तेवढ्यापुरता समाजाचा इलाज हरला. मेल्यावर सोबत येणारा एकच दागिना तो गोंदणाचा, बाकीचे सगळे मागें राहतात, असें आमच्याकडील बायका मानीत. पण तो दागिना वैधव्यांतूनहि सोबत येतो, हें त्या दिवशीं दिसलें.

आमच्या जातींत पाट लावण्यास हरकत नव्हती. एक-दोन स्थळें आलीं, तीं आत्यानें परतविलीं. लोक म्हणत, हातावर नांव आहे ना, म्हणून. आत्या म्हणे, "हातावरच्या नांवानं कुणी अडतं व्हय? पदरांत दोन लेकरं हायती." तिनें हें स्पष्ट सांगून ठेविलें तें बरें झालें, नाहीं तर त्या गोंदणावर पातिव्रत्याचें एक सुंदर आख्यान रचावयास मीहि मागेंपुढें पाहिलें नसतें.

गांव पाण्याखालीं गेलें. घराची जागा, नवऱ्याची माती जेथें झाली ती जागा, मारुतीचा पार, सगळें गेलें. ती दोन मुलांस घेऊन वर माळावर आली, आणि येलदरीच्या कॅम्पांत मिळेल तें काम करून राहिली. तिच्या नवऱ्याचें नांव जगांत दोनच ठिकाणीं उरलें: एक सरकारी मोबदल्याच्या कागदावर आणि दुसरें तिच्या हातावर. कागद पुढें वाळवीनें खाल्ला.

1990 नंतर साक्षरता अभियानाच्या दिवसांत गांवांत रात्रीचा वर्ग निघाला. आत्या साठीच्या घरांत होती; शेजारणीच्या आग्रहास्तव ती जाऊं लागली. दोन-तीन महिन्यांनीं मी तिच्या घरीं गेलों असतां तिनें दिव्याजवळ हात धरिला, आणि बोटानें एकेक अक्षर लावीत तें नांव मनाशींच वाचलें. ओठ हालले, आवाज निघाला नाहीं. मग मला म्हणाली, "बाबा, यांत एक काना न्हाई."

मीं पाहिलें. खरोखरच नव्हता. इतकीं वर्षें मीं तो हात पाहिला होता, मी शाळामास्तर, आणि मलाहि तें दिसलें नव्हतें; कारण काय लिहिलें आहे तें ठाऊक असल्यामुळें तें मीं कधीं वाचलेंच नव्हतें. कोळशानें लिहिणाराची चूक, कीं गोंदणारणीची, कीं रडणाऱ्या मुलीनें हात हिसडला म्हणून तेवढी रेघ राहिली, कोण जाणे. मी म्हणालों, बाजारांत आतां यंत्रानें गोंदणारे बसतात, एका रेघेचें काम आहे, घालून घेऊं. तिनें हात मागें घेतला. "राहूं दे. पन्नास वर्सं असंच हाय. आतां काना घातला तर तें दुसऱ्याचं नांव व्हईल."

ज्या बाईनें हें नांव निवडलें नव्हतें, जिला तें वाचतां येत नव्हतें, तिनें तें वाचतां येऊं लागल्यावर, त्यांतली चूक कळल्यावर, आणि ती सुधारण्याची सोय असतांना, जसेंच्या तसें ठेविलें. निवड झाली ती या दिवशीं. बारा वर्षांच्या मुलीवर झालेला जुलूम यामुळें पुसला जातो, असें मी म्हणणार नाहीं. आत्याहि म्हणाली नसती. पण जुलमानें आलेली वस्तूहि माणूस एखाद्या दिवशीं आपली करूं शकतो, आणि तें करण्याचा अधिकार फक्त ज्याच्या अंगावर ती आहे त्याचाच, एवढें मला त्या दिव्याच्या उजेडांत दिसलें.

पुढें एकदां शास्त्रीय माहिती वाचतांना याचा मला निराळ्याच बाजूनें प्रत्यय आला. गोंदणाचा रंग कायम कां राहतो? आपली समजूत अशी कीं, तो एकदां कातड्यांत शिरला कीं कापडाला लागलेल्या डागासारखा बसून राहतो. परंतु कातड्याचा वरचा थर तर सतत झडून नवा होत असतो. रंग त्याच्या खालच्या थरांत जातो, आणि तेथें शरीराचें रक्षण करणाऱ्या भक्षक पेशी त्याचे कण गिळून बसतात. 2018 सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं उंदरांवर प्रयोग करून असें दाखविलें कीं, या पेशीहि कायमच्या नसतात. त्या मरतात, त्यांच्या पोटांतील रंग मोकळा होतो, आणि त्यांच्या जागीं आलेल्या नव्या पेशी तो पुन्हां उचलतात. माणसाच्या कातड्यांतहि असेंच घडत असावें. म्हणजे ज्याला आपण कायमचें म्हणतों तें कोठेंहि पडून राहिलेलें नसतें; मरणारा तें खालीं ठेवितो आणि येणारा उचलतो, अशी त्याची वाटचाल. अर्थात् पेशींना उचलण्याशिवाय गत्यंतर नाहीं, माणसाला तें असतें. दृष्टांत ताणावयाचा नाहीं.

गोंदण करूं नये असें सांगणारे वडीलधारे बहुधा एकच कारण देतात: पुढें पस्तावशील. हें कारण मला अपुरें वाटतें. पस्तावण्याच्या भीतीनें वागावयाचें तर लग्न करूं नये, शब्द देऊं नये, कर्जाला जामीन तर मुळींच राहूं नये. पुढचा 'मी' निराळा असेल हें खरें. पण आजच्या 'मी'नें दिलेलें वचन त्या निराळ्यानें पाळावयाचें, याखेरीज वचनाचा दुसरा अर्थ तरी काय? मात्र येथें एक भेद आहे. आपल्या शास्त्रकारांनीं व्रतांना उद्यापन ठेविलें. कितीहि कडक व्रत असो, तें विधिपूर्वक संपविण्याची वाट आहे. अज्ञानाचा करार कायदा मानीत नाहीं. गोंदणाला उद्यापन नाहीं. किरणांनीं रंग फोडून काढण्याची सोय आतां झाली आहे; ती खर्चाची, दुखरी आणि पुष्कळदां अपुरी, आणि तिला विधि म्हणणें कठीण. ज्या गोष्टीला उद्यापन नाहीं ती आपल्या हातानें घेतांना किती विचार करावा, आणि ती दुसऱ्याच्या अंगावर घालण्याचा अधिकार कोणाला असावा, यांतील दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर सोपें आहे: कोणालाहि नाहीं. पहिल्यापाशीं मी अडलों आहें.

आत्या वारली. तिचा नातू आतां वीस वर्षांचा आहे. सैन्यांत भरती व्हावयाचें म्हणून पहांटे धरणाच्या रस्त्यावर धांवतो. गेल्या वर्षीं तो मला म्हणाला, "काका, आजीच्या हातावर होतं तसंच, काना न घालतां, माझ्या हातावर गोंदून घेतलं तर?" भरतीच्या नियमांची चौकशी त्यानें आधींच केली होती. कोपरापासून मनगटापर्यंत आंतल्या बाजूस गोंदण चालतें, असें त्यानें मला ऐकविलें. जागाहि नेमकी आजीचीच.

मीं त्याला प्रथम सांगितलें, ती तिची चूक होती, तुझी नव्हे. तिनें ती पन्नास वर्षें वागविली, म्हणून ती राखण्याचा तिला हक्क होता. तुझ्या हातावर ती नुसती नक्कल होईल. तो म्हणाला, "आजोबांचं गाव पाण्यात आहे. ते दिसायला कसे होते, हे बाबांनाही आठवत नाही. तेवढी अक्षरं तरी..." वाक्य त्यानें पुरें केलें नाहीं. मग मी म्हणालों, एक वर्ष थांब. हें उत्तर नव्हे, हें मलाहि माहीत होतें.

वर्ष सरलें. त्यानें आतां आजीच्या हाताचा फोटो मागितला आहे. घरांत तिचा एकच फोटो आहे, नातवाच्या बारशाचा. त्यांत मूल मांडीवर असून पदर मनगटावर आलेला आहे, आणि शेवटचें एक अक्षर काय तें दिसतें. राहिलेला काना कोणत्या अक्षराचा, हें त्याच्या बापासहि नक्की सांगतां येत नाहीं. मला तें स्पष्ट आठवतें. तो दर आठवड्याला येतो, चहा घेतो, फोटोविषयीं विचारतो. आणि मीं अजून त्याला तें नांव कागदावर लिहून दिलेलें नाहीं.